कर्वेनगरचा फ्लॅट बिनधास्त भाड्याने द्या, पण खराडीचा ईएमआय भाड्याच्या भरवशावर घेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईच्या नावावर कर्वेनगरला जुन्या बिल्डिंगमध्ये टूबीएचके आहे, आई आता सांगलीला तुमच्या भावाकडे, तुम्ही आयटीतल्या नोकरीसाठी बंगळुरूला, फ्लॅट नुसता बंद पडून. भाड्याने द्यायचा तर भीती ही की माणूस एकदा आत बसला की उठणार नाही. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतायत एनओसी घ्या, बॅचलर चालणार नाहीत, आणि वर महिन्याला दोन हजार जास्तीचे भरा. दुसरा भाग असा की हातात २५ लाख आहेत, खराडीला ६० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन वनबीएचके बघून ठेवलाय, पझेशन दोन वर्षांनी, आणि बिल्डरचा सेल्सवाला म्हणतोय की मॅडम भाड्यातूनच ईएमआय निघेल.

मी पुण्यात स्वतःचे आणि दुसऱ्यांचे भाड्याचे फ्लॅट सांभाळायचं काम करतो, बरेच मालक बाहेरगावी नाहीतर परदेशात असलेले, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे कायम येतात. माझं मत सरळ आहे. भाडं किती येईल हे सगळेच विचारतात, पण ठरल्या तारखेला घर परत कसं हातात येईल आणि सगळं जाऊन वर्षाखेरीस उरेल किती, हे फार कमी लोक विचारतात, आणि मालकांचे पैसे याच दोन ठिकाणी जातात.

आधी भीतीबद्दल. ही भीती आपल्याकडे पगडीच्या आणि जुन्या भाडेकरू कायद्याच्या काळातून आलीय, तेव्हा ती खरीच होती, पेठांमधले वाडे बघा, कित्येक मालकांची पिढीच्या पिढी कोर्टात गेली. पण आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्यातल्या कलम २४ ने लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या घराला वेगळा रस्ता करून दिलाय. मुदत संपली आणि समोरच्याने घर सोडलं नाही तर मालकाने सिव्हिल कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, आणि मुदत संपल्यापासून घर ताब्यात मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्या प्राधिकाऱ्यासमोर लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा धरतात. समोरच्याला लढायचं असेल तरी समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते, नुसतं तारखा घेत बसता येत नाही. म्हणजे अर्ज केला आणि आठ दिवसांत चावी मिळाली असं होत नाही, वेळ जातोच, पण वीस-वीस वर्षांच्या केसेस ज्या आपण लहानपणापासून ऐकल्या तो प्रकार हा नाही.

पण हे सगळं कशाच्या जोरावर, तर करार रजिस्टर केलेला असेल तर. इथेच लोक दीड-दोन हजार वाचवायला जातात. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदणी नसेल तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करा. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आता विचार करा, तुम्ही पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवली आणि उद्या तो माणूस म्हणाला की भाडं पंचवीस नाही पंधरा ठरलं होतं आणि मुदत पाच वर्षांची होती, मग काय करणार? नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि "अकरा महिन्यांचा करार आहे त्यामुळे रजिस्टर करायची गरज नाही" हे जे प्रत्येक काका सांगतात ते केंद्राच्या नोंदणी कायद्यातलं एक वर्षावरच्या लीजबद्दलचं आहे, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा असो नाहीतर छत्तीस, नोंदणी लागतेच. अकरा महिने ही नुसती सवय राहिलीय.

तसंच "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं" हेही डोक्यातून काढून टाका. मालकाच्या परवानगीने, करार करून, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल ताबा (म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध धरलेला ताबा) होत नाही. फक्त कागद सलग पाहिजे, म्हणजे एक करार संपला की लगेच दुसरा. करार मार्चमध्ये संपलाय आणि ऑगस्टपर्यंत नुसतं यूपीआयवर भाडं येतंय, कोणाला काही पडलेली नाही, असं मी बऱ्याच घरांत बघतो आणि वाद होतात ते नेमके या मधल्या महिन्यांतले. फोनमध्ये करार संपायच्या दोन महिने आधीचा रिमाइंडर लावा.

खर्च किती येतो ते पण बघू. समजा २५ हजार भाडं, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढ, ७५ हजार डिपॉझिट आणि २४ महिन्यांचा करार. दोन वर्षांचं भाडं ३ लाख अधिक ३ लाख १५ हजार, म्हणजे ६ लाख १५ हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात म्हणून दोन वर्षांचे १५ हजार. बेरीज ६ लाख ३० हजार, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,५७५ रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटची फी आणि किरकोळ चार्जेस. एवढ्यात दोन वर्षांची झोप लागते. मी तर आजकाल मालकांना २४ नाहीतर ३६ महिन्यांचाच करार करायला सांगतो, दर अकरा महिन्यांनी तोच उद्योग कशाला, फक्त त्यात दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस आणि पहिल्या सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडायचा नाही ही अट, टाकायची.

नोंदणी आता ऑनलाइन होते, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावं लागत नाही, एजंट थम्ब मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो, मालक आणि भाडेकरू वेगवेगळ्या ठिकाणी असले तरी चालतं. त्यामुळे आईंना सांगलीहून पुण्याला आणायची गरज नाही. पण एक गोष्ट आत्ताच तपासा, वयस्कर बायकांचे अंगठे मशीनवर पटकन उमटत नाहीत, आयुष्यभर भांडी-धुणं करून रेषा झिजलेल्या असतात. एजंट येतो, दहाही बोटं लावून बघतो, मशीन "मॅच होत नाही" म्हणून लाल दाखवत बसतं आणि तिकडे भाडेकरू टेम्पोत सामान भरून उभा. आईंचं आधार बायोमेट्रिक आधीच आधार केंद्रात जाऊन अपडेट करून घ्या, मोबाइल नंबर पण लिंक आहे का बघा. थम्बच्या आधी हात कोमट पाण्याने धुवून थोडं खोबरेल लावून पुसलं की बऱ्याचदा काम होतं, हे आमच्या एजंट लोकांचं तंत्र. तेही नाही जमलं तर आईंनी तुमच्या किंवा भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून द्यायचं, ते मात्र रजिस्टर केलेलं.

आता सोसायटी. आधी बघा तुमची नोंद सहकारी गृहनिर्माण संस्था अशी आहे की अपार्टमेंट कायद्याखालची, पुण्यात दोन्ही प्रकार खूप आहेत आणि नियम वेगळे. सहकारी संस्था असेल तर आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला पूर्वपरवानगीची अट नाही, आठ दिवस आधी लेखी कळवायचं, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. एनओसी मागतात ती मागू देत, तुम्ही "परवानगी मिळावी" असा अर्ज करूच नका, "कळवत आहे" असं पत्र द्या आणि पोच घ्या. बिनभोगवटा शुल्क म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून मागतात ते जास्तीचे दोन हजार, त्यावर राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि सेवाशुल्क म्हणजे अख्खं मेंटेनन्स बिल नव्हे, महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही, सिंकिंग फंड नि दुरुस्ती निधी ही वेगळी खाती. बिलात सेवाशुल्क १,५०० असेल तर बिनभोगवटा जास्तीत जास्त दीडशे रुपये. दोन हजार कुठून आणले ते सेक्रेटरीसाहेबांनाच माहीत! भांडायला जाऊ नका, आदेशाचा उल्लेख करून एक नम्र पत्र द्या, बहुतेक कमिट्या तिथेच गप्प होतात, नाही झाल्या तर सहकारी संस्थांचं उपनिबंधक कार्यालय आहे.

बॅचलरच्या बाबतीत खरं सांगू का, कायद्याने तुमची बाजू बरोबर असली तरी तुम्ही बंगळुरूला, आणि रोज रात्री अकराला सेक्रेटरीचा फोन तुम्हालाच येणार. कर्वेनगरला आसपास कॉलेजं भरपूर असल्यामुळे मुलामुलींकडून भाडं जास्त मिळतं हे खरं आहे, पण दर वर्षी जूनमध्ये बदलणारे चार-चार जण, प्रत्येकाचे आधार, प्रत्येकाचे आईवडील, एक सोडून गेला की उरलेले म्हणतात त्याचा हिस्सा आम्ही नाही देणार. लांबून सांभाळायचं असेल तर नोकरी करणारं जोडपं किंवा छोटं कुटुंब, दोन हजार भाडं कमी मिळालं तरी घ्या. एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्याचे आठ टक्के गेले, दोन हजार कमी घेतल्यानेही जवळजवळ तेवढेच जातात, पण निदान घराला माणूस राहतो आणि तुमचा फोन शांत.

माणूस कसा निवडायचा. ब्रोकर आणतो त्याला त्याचं कमिशन पाहिजे, साधारण एका महिन्याचं भाडं दोन्हीकडून, त्यामुळे तो म्हणणारच फॅमिली चांगली आहे. तुम्ही कंपनीचं ऑफर लेटर किंवा सॅलरी स्लिप बघा, आधीच्या घरमालकाला स्वतः फोन करा, आणि त्याला "माणूस कसा आहे" असं विचारू नका, "डिपॉझिट परत देताना काही कापायला लागलं का" असं विचारा, खरं उत्तर लगेच येतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं बंधनकारक करणारे आदेश निघतात, पुण्यात ते ऑनलाइन करता येतं, ती पावती काढून ठेवा, नाही केलं तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

आणि हो, ऑनलाइन जाहिरात टाकली की पहिल्या दोन तासांत एक फोन येईलच, "मी आर्मीमध्ये आहे, पुण्याला बदली झालीय, फ्लॅट न बघता घेतो, डिपॉझिट आत्ताच पाठवतो". मग तो क्यूआर कोड पाठवतो, म्हणतो स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. कॅन्टीन कार्ड नि युनिफॉर्ममधला फोटो पाठवतात म्हणून चांगली शिकलेली माणसंही फसतात. फ्लॅट न बघता घेणारा भाडेकरू मला आजवर खरा निघालेला माहीत नाही.

चावी देताना काय करायचं ते जरा नीट वाचा, कारण डिपॉझिटचे सगळे वाद इथे तयार होतात. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढायचा, पण नुसता हॉल-बेडरूम फिरवून नाही. किचन सिंकचं कपाट उघडून खालचा पाइप, गीझर चालू करून गरम पाणी येतंय ते, फ्लशचं बटण दाबून, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा एक फूट जिथे ओल दिसते तो भाग, सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या, दाराच्या सगळ्या चाव्या हातात मोजून. शेवटी वीज मीटरवर मोबाइल धरून रीडिंग आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असं. हा व्हिडिओ तुम्ही, भाडेकरू आणि ब्रोकर अशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि भाडेकरूने "ओके" लिहायचं. जाताना हाच व्हिडिओ उघडून परत तोच फेरा मारायचा. कोणाचा आवाज चढत नाही.

महावितरणचं बिल आईंच्या नावावर राहणार, त्यामुळे थकलं तर कनेक्शन तुमचंच तुटणार, म्हणून ग्राहक क्रमांक तुमच्या मोबाइलला जोडून ठेवा, बिलाचा एसएमएस तुम्हाला आला पाहिजे. शेवटचं बिल निघून भरेपर्यंत डिपॉझिटमधले चार-पाच हजार हातात ठेवायची अट करारातच लिहा. रंगाचे पैसे कापायची आपल्याकडे पद्धत आहे, कापणार असाल तर किती नि कधी ते पण लिहा, नाहीतर "सगळे जण कापतात" हा काही मुद्दा होत नाही. आणि समोरचा कितीही त्रास देत असला तरी पाणी बंद कर, लाइट कापून टाक असलं काही करायचं नाही, अत्यावश्यक सेवा तोडायला याच कायद्याने बंदी आहे, तुमची बरोबर असलेली केस तुम्हीच बिघडवाल.

फर्निचर जास्त करू नका. पंखे, ट्यूब, गीझर, किचन ट्रॉली, एक कपाट, सेफ्टी डोअर, एवढं पुरे. एसी, सोफा, वॉशिंग मशीन दिलं की भाडं दोन-तीन हजार वाढतं पण मेकॅनिकचा प्रत्येक फोन तुमच्या गळ्यात.

करांचं थोडं. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत देते, मध्ये ती बंद झाली होती नि २०२३ मध्ये परत आली, स्वतः राहतो हे दाखवायला पीटी-३ फॉर्म भरायला लावला होता ती. फ्लॅट भाड्याने दिला की ती सवलत जाते, म्हणजे ६० च्या जागी १०० भरायचे, कर दीडपटीच्याही वर जातो. भाडं ठरवतानाच हे धरा. भाडं आईंच्या खात्यातच येऊ द्या, घर त्यांच्या नावावर म्हणजे उत्पन्न त्यांचं. भरलेला मिळकत कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च केला असो वा नसो, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. आईंना फक्त पेन्शन असेल तर आयकराच्या नव्या रिजीममध्ये (कररचनेत) १२ लाखांपर्यंत रिबेट म्हणजे करमाफी असल्यामुळे कर शून्यच येईल, रिटर्न मात्र भरा. परदेशातल्या मालकांसाठी जाता जाता, मालक एनआरआय असेल तर भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो, ३१.२ टक्क्यांच्या दराने, भाडं कितीही कमी असलं तरी. निवासी मालकाला ही भानगड महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच, आणि तेव्हा २ टक्के. एनआरआय मालकाचा फ्लॅट घेताना भाडेकरूला हे माहीतच नसतं आणि मग नोटीस येते.

आता खराडी. सेल्सवाल्याचं गणित बाजूला ठेवू आणि आपलं मांडू. फ्लॅट ६० लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. करार फक्त तुमच्या एकटीच्या नावाने केला तर बाईमाणसाला १ टक्का सवलत आहे, ६० हजार वाचतात, नवऱ्याचं नाव जोडलं की गेले, हे नीट ठरवून करा. नोंदणी फी ३० हजार. अंडर कन्स्ट्रक्शन असल्यामुळे जीएसटी ५ टक्के, ३ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला तयार फ्लॅट घेतला असता तर हा जीएसटी लागलाच नसता. लाइट फिटिंग, जाळ्या, ट्रॉली धरून अडीच लाख. म्हणजे ६० चे ७० झाले आणि अजून भाडेकरू आलेला नाही.

समजा तुमचे २५ लाख घातले आणि ४५ लाख कर्ज काढलं, साडेआठ टक्के, २० वर्षं. ईएमआय साधारण ३९ हजार. वनबीएचकेला समजा २० हजार भाडं मिळालं. वर्षात एक महिना घर बदलाबदलीत रिकामं जातं असं मी नेहमी धरतो, म्हणजे २ लाख २० हजार. त्यातून मेंटेनन्स महिना ३ हजार प्रमाणे ३६ हजार, मिळकत कर समजा १२ हजार, ब्रोकरचे २० हजार, रंग-प्लंबर-किरकोळ दुरुस्ती सरासरी १२ हजार. उरले १ लाख ४० हजार, महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. ईएमआय ३९ हजार. म्हणजे खिशातून दर महिन्याला २७ हजारांच्या वर, आणि तेही पझेशन नंतर, आधीची दोन वर्षं भाडं शून्य नि बँकेचा हप्ता चालू. ७० लाखांवर १ लाख ४० हजार म्हणजे सरळ २ टक्के. ताई, बँकेच्या साध्या एफडीला पण याच्यापेक्षा जास्त मिळतं. माझे आकडे तुमच्या बिल्डिंगचे टाकून बदला, भाडं २३ हजार धरा, मेंटेनन्स कमी धरा, तरी चित्र फार हलत नाही.

"पण टॅक्स वाचेल ना", हे पुढचं वाक्य असतं. जुन्या रिजीममध्ये घराचा तोटा पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा करता येतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या रिजीममध्ये भाड्याने दिलेल्या घराचं व्याज त्याच भाड्यातून वजा होतं, पण तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही. तुम्ही आयटीतल्या, बहुतेक नव्याच रिजीममध्ये असाल, म्हणजे हे कारण बादच.

मग लोक घेतात का? भाव वाढेल म्हणून घेतात, आणि वाढतोही कधी कधी. पण मग ती भाव वाढण्यावर लावलेली पैज आहे, भाड्याचं उत्पन्न नाही, आणि पैज कर्ज काढून लावायची का हे तुमचं तुम्ही ठरवायचं. विकताना दोन वर्षांनंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, आणि २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला इंडेक्सेशन नाही, म्हणजे महागाईने फुगलेल्या भावावरही कर. बिल्डर "दोन वर्षं गॅरंटीड रेंट" देत असेल तर ते भाडं तुमच्याच ६० लाखांत आधी मिळवलेलं असतं, तिसऱ्या वर्षी बाजारभाव कळतो.

तरीही घ्यायचंच असेल, माणसाला दुसरं घर हवंसं वाटतं हे मला समजतं, तर तयार घ्या, भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊन बघा, आणि रीसेल असेल तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा यांची तपासणी. जागा ऑफिसांपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षेवर असली तरच, वाघोलीच्या पुढे स्वस्त मिळतं म्हणून जाल तर रिकाम्या महिन्यांत तो स्वस्तपणा निघून जातो. अंडर कन्स्ट्रक्शनच घेतलात तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून स्वतः बघा, तिथे पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते दिसतं, ब्रोशरवरच्या तारखेला काही अर्थ नाही. करार रजिस्टर झाल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, रेराच्या कलम १३ प्रमाणे बिल्डरला तो मागताच येत नाही. ५० लाख किंवा त्यावरचा व्यवहार म्हणजे प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, हे सेल्सवाला सांगत नाही आणि दंड खरेदीदाराला बसतो.

नुसतं भाड्याचं उत्पन्न हवं असेल नि सेक्रेटरी, प्लंबर, ब्रोकर काही नको असेल तर रीट बघा, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मोठी ऑफिसं भाड्याने देणारा आणि ते भाडं वाटणारा ट्रस्ट. शेअर बाजारात २०१९ पासून आहेत, एम्बसी पहिला, मग माइंडस्पेस. एम्बसीकडे हिंजवडीचं टेकझोन आहे, माइंडस्पेसकडे येरवड्याचं कॉमरझोन, म्हणजे पुण्यातल्याच ऑफिसांचं भाडं, फक्त मोठ्या कंपन्यांकडून येणारं. युनिटचा भाव खालीवर होतो, ती जोखीम आहे, पण पाच-दहा हजारांपासून सुरू करता येतं नि विकायला गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. सगळे २५ लाख तिथे टाका असं मी म्हणत नाहीये. दुकान किंवा ऑफिस घेऊन भाड्याने देणं हाही पर्याय लोक विचारतात, भाडं टक्केवारीत जास्त असतं पण रिकामं पडलं की सहा-सहा महिने पडतं, लांब राहून पहिल्यांदा करणाऱ्याने त्यात पडू नये.

तुमच्या बाबतीत क्रम मी असा लावेन. खराडीला "कळवते" म्हणा, टोकन दिलं नसेल तर देऊ नका. या आठवड्यात आईंकडून कर्वेनगरच्या फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागवा नि दोन्हीवरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव असतं, "नॉमिनी आईच आहे ना" म्हणून कोणी बदललेलं नसतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तुम्ही आणि भाऊ दोघेही वारस लागता. तसं असेल तर आधी दोघांनी आईंच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र करायचं की नाही ते घरात बसून ठरवा, मग सोसायटीत नाव लावा, मग करार. नाव आईंचंच असेल तर लगेच कामाला लागता येईल, तोवर घरी कोणाला तरी पाठवून टेरेसवरून आणि बाथरूमच्या मागून ओल येतेय का ते बघून घ्या, पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग झालं तर बरं, आतून रंग त्यानंतर.